मोठेबाबांनी सोडलेलं तिखट

आमच्या मोठेबाबांना जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची, आणि ती म्हणजे दातांचा दवाखाना. मी थट्टा करत नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात भर दुपारी उधळलेल्या गोऱ्ह्याची शिंगं धरून त्याला बाजूला नेणारा हा माणूस. हातगाडीवाले आणि टेम्पोवाले एकमेकांच्या अंगावर धावले की दुकानाच्या पायरीवरून नुसता एक आवाज द्यायचा आणि रस्ता मोकळा व्हायचा. पण त्यांच्या घरी यायच्या वाटेवर एका दंतवैद्यानं पाटी लावली. तिच्यावर गुलाबी हिरड्यांची भलीथोरली बत्तीशी रंगवलेली होती. त्या दिवसापासून मोठेबाबांची स्कूटर त्या गल्लीत शिरली नाही. मेट्रोच्या खांबांखालून पार वळसा घालून ते घरी येऊ लागले. मोठ्या आईनं विचारलंच, "आजकाल उशीर काहून होऊन राहिला?" तर म्हणाले, "तिकडचा रस्ता खराब हाय." तो रस्ता नुकताच सिमेंटचा झाला होता.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, आणि मोठी आई ही त्यांची बायको. भांड्यांचं दुकान त्यांचं. घरही त्यांच्याच शब्दावर चालायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून की काय, घरातली सगळी मुलं त्यांनी आपलीच मानली होती. मी त्यातली सगळ्यात लाडकी, आणि हे मी सांगायला नको इतकं सगळ्यांना माहीत होतं. पुढं माझं लग्न झालं, मी कन्हानला गेले, तिथल्या शाळेत शिकवायला लागले आणि मला मुलगी झाली, तेव्हा हे लाडकेपण माझ्याकडून काढून मोठेबाबांनी सरळ चिनूला देऊन टाकलं. दर रविवारी आम्ही मायलेकी नागपूरला यायचो. मोठेबाबा संत्रा बर्फीचा डबा घेऊन दारात उभे.

त्यांच्या गालात खर्रा कायम असे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटायचं, गालात सरकवायचं आणि मग हनुवटी वर करून बोलायचं, म्हणजे रस सांडत नाही. बाहेरच्या माणसाला त्यातलं निम्मंही कळत नसे. आम्हाला सगळं कळायचं. एका हुंकाराचा अर्थ पाणी आण, दुसऱ्याचा अर्थ टीव्हीचा आवाज कमी कर. माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, मोठेबाबांना बोलण्याचा काही आजार आहे. मी त्याला हसले होते.

चिनू चार वर्षांची असताना एका रविवारी मी अंगणात आले आणि जागीच थिजले. दुधाच्या पिशवीचा तुकडा घेऊन, त्यात बडीशेप भरून, माझी मुलगी ती तळहातावर घोटत बसली होती. मन लावून. मग तिनं ती गालात भरली, हनुवटी वर केली आणि माझ्याकडे बघून हुंकार दिला. पाणी आण. मोठेबाबा खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "पाय वं, कशी घोटून राहिली, एकदम उस्ताद!" मी ती पन्नी हिसकावून फेकली आणि त्यांना वाट्टेल ते बोलले. आमच्या घरात त्यांना तसं कधी कोणी बोललं नव्हतं. पुढच्या रविवारपासून चिनू यायच्या आधी ते तोंड धुऊन बसायचे, पण खर्रा काही सुटला नाही.

आता दातांच्या दवाखान्याचं सांगते. आमच्या घरात मुलांना डॉक्टरकडे कधी सांगून नेत नसत. ही आमच्या घराची रीतच होती म्हणा ना. "चल, फुटाळा तलावावर फिरून येऊ," "चल, आइस्क्रीम खाऊ," असं म्हणायचं, गाडीवर बसवायचं आणि थेट सुईपुढे उभं करायचं. एरवीसाठी धाक वेगळा. मोठी आई पोळीचा घास हातात धरून म्हणायची, "खाते का नेऊ तुले दातवाल्याकडे? तो पकडीनं उपटते!" तिला स्वतःला दातवाला कसा दिसतो हेही माहीत नव्हतं. पण आमच्या मनात तो पक्का बसला, पकडीसकट.

फसवून नेण्याच्या या रीतीला घरात एकच माणूस विरोध करायचा, आणि तो विरोध कसा, ते बघा. मी पाचवीत असताना माझी दाढ किडली. बाबा मला घेऊन जाणार याची मला कुणकुण लागली आणि मी शाळेतून परस्पर मोठेबाबांच्या दुकानात पळाले. त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं माझ्या गालाकडे बघितलं. लग्नाचा स्वयंपाक ज्यात करतात तसल्या एका डेगमध्ये मला बसवलं आणि वर परात ठेवली. थोड्या वेळानं बाबांचा आवाज आला, "दादा, नीता आली का इकडे?"

"नाही बावा. मैत्रिणीकडे गेली असंल."

बाबा गेले. परात उचलली गेली. मोठेबाबांनी माझ्या दाढेत लवंग दाबली आणि म्हणाले, "दुखणं काय, जाते दोन दिवसांत. मी असताना तुले कोणी नाही नेत." त्या दिवशी ते मला देव वाटले. ती दाढ पुढे कॉलेजात असताना तुकड्या-तुकड्यानं गेली, आणि रात्र रात्र मी भिंतीवर डोकं टेकून रडले. घरातल्या एकाही मुलाच्या तोंडात आज धड बत्तीशी नाही. इतकं प्रेम करणाऱ्या माणसानं आमच्या दातांची अशी वाट लावली, याचं मला आजही नवल वाटतं.

ते असं का करायचे, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. माझं लग्न ठरलं त्या दिवसांत. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, ते पाणी भरायचा पितळेचा गुंड पुसत बसले होते. "माह्या बापानं मले सांगितलं, रामटेकले जत्रा पाहायले जाऊन राहिलो. मी नवा सदरा घातला. रिक्षात बसलो अन् रस्ताभर गाणं म्हणून राहिलो होतो वं मी. उतरवलं कुठं, तं दाढ काढणाऱ्याच्या दारात. चौघांनी धरलं मले. हात, पाय, डोकं. सदरा पुरा रक्तानं भरला." मग बराच वेळ ते गुंडच पुसत राहिले. "दुखलं त्याचं काही नाही. पण मी गाणं म्हणत होतो, अन् बाप ऐकून राहिला होता. त्याले माहीत होतं कुठं चाललो ते."

साठीच्या घरातला तो माणूस, आणि त्याच्या आवाजात तो सदरा अजून ओला होता.

मग आलं ते तिखट सोडण्याचं प्रकरण.

आमच्याकडे रविवारी सावजी रस्सा व्हायचा, आणि तो मोठेबाबांना लाल तवंग भांड्याच्या काठाला येईल असा लागायचा. आम्ही नाकाडोळ्यांतून पाणी काढत खायचो आणि ते वरून हिरवी मिरची मागायचे. अशा माणसानं एका रविवारी ताट बाजूला सारलं.

"मले नको. दुधात पोळी कुस्करून दे. तिखट सोडलं मी."

"सोडलं म्हणजे?" मोठी आई पळी हातात धरून तशीच उभी.

"रामाले बोललो."

"कायसाठी?"

"बोललेलं सांगत नसतात."

झालं. देवाला बोललेलं विचारायचं नाही, विचारलं तर फळत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक. त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. पण अंदाज? अंदाजांना ऊत आला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यांना वाटलं, दादानं आपल्यासाठी बोललंय. त्यांनी मला मुद्दाम फोन करून हे सांगितलं. मला वाटलं, माझ्या बदलीसाठी असणार, कारण मी नागपूरला यायचं म्हणून तेव्हा धडपडत होते. मोठ्या आईला वाटलं, आपल्या दम्यासाठी. तिनं तर फॅमिली ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रासकट टाकून दिलं की यांनी तिखटाचा त्याग केला आहे. खाली कितीतरी नमस्कार आले. रोज संध्याकाळी दिवा लावला की ती आधी देवाच्या आणि मग मोठेबाबांच्या पाया पडू लागली. मोठेबाबा पाय मागे घ्यायचे. "हे काय करून राहिली तू?" ती म्हणायची, "चूप बसा, मले पुण्य घेऊ द्या."

बाबांचा गुडघा बरा झाला. आम्ही म्हटलं, फळलं. आता खा. मोठेबाबा म्हणाले, "अजून बाकी आहे." पोळी दुधात, भात ताकात, वरण गार करून. माणूस वाळत चालला तेही आम्हाला व्रताचं तेज वाटलं. खरंच. मी स्वतः मैत्रिणींना सांगायचे, आमचे मोठेबाबा बघा, या वयात केवढा निग्रह.

चिनू आठ वर्षांची झाली आणि तिची खालची किडलेली दाढ ठणकायला लागली. बर्फी रोज रात्री खाऊन, दात न घासता झोपायची सवय माझ्या माहेरची, ती तिलाही लागली होतीच. एका सकाळी उठली तर गाल सुजून डोळा बारीक झालेला, अंगात ताप. मी तिला घेऊन नागपुरात सदरला एका डॉक्टरबाईंकडे गेले. तरुण, शांत बाई. मुलांच्या दातांचंच बघायच्या. चिनू दारातच चौकटीला दोन्ही हातांनी लटकली. आत नेली तर तोंड उघडेना. उघडलं तेव्हा डॉक्टरबाईंच्या बोटाला चावली. मी शरमेनं अर्धी झाले.

डॉक्टरबाई बोट धूत म्हणाल्या, "तुला कधी कोणी दुखवलंय का गं, अशा खुर्चीवर?"

चिनूनं नाही म्हणून मान हलवली.

"मग कोणी सांगितलं, इथं दुखतं म्हणून?"

"मोठेबाबांनी. ते दातवाल्याच्या रस्त्यानंसुद्धा जात नाहीत."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आत पस आहे, सूज मानेकडे उतरायला लागली तर दवाखान्यात भरती करावं लागेल. आधी गोळ्या, आणि सूज जरा ओसरली की लगेच दाढ काढायची, पुढे ढकलायचं नाही. धरून-बांधून मी काढणार नाही, त्या म्हणाल्या, तिनं स्वतः बसायला हवं. आणि चिनूला म्हणाल्या, "तू कोण बसलं तर बसशील?"

"मोठेबाबा बसले तर."

मुलीनं चलाखी केली होती. असं होणार नाही याची तिला खात्री होती. मलाही होती.

त्या संध्याकाळी घरात सभाच बसली. मी मोठेबाबांना स्पष्ट सांगितलं, तुम्ही हिच्या डोक्यात भरवलं, आता तुम्हीच काढा. ते भिंतीकडे बघत बसले. "मले नको सांगू वं. दुसरं काही सांग. किडनी माग, देतो." मोठी आई म्हणाली, "एवढं कायले? पोट्टीले सांगा, फुटाळ्यावर कारंजं पाहायले जाऊन राहिलो. तिथून न्या परस्पर." बाबाही म्हणाले, तेच बरं.

त्यासरशी मोठेबाबा उठले. इतके झटकन उठले की खुर्ची मागे पडली. "तिच्याशी खोटं नाही बोलायचं." ते चिनूजवळ गेले, खाली फरशीवर बसले आणि तिच्या सुजलेल्या गालाला हात न लावता म्हणाले, "बेटा, आपण दाताच्या डॉक्टरकडे जाऊन राहिलो. सुई हाय. जराक दुखंल. मी आधी बसतो, तू पाय. मंग तू बस."

चिनूनं विचारलं, "खरंच बसाल?"

"खरंच."

आपले हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले.

दवाखान्याच्या जिन्यावर त्यांनी दोनदा थांबून श्वास घेतला. आत गेल्यावर मात्र कोणाकडे न बघता सरळ जाऊन खुर्चीवर आडवे झाले. चिनू माझा हात सोडून त्यांच्या पायाशी जाऊन उभी राहिली. वरचा दिवा लागला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, मोठा आ करा."

त्यांनी केला.

"अजून उघडा."

"एवढंच उघडते," ते म्हणाले. दोन बोटंही शिरली नसती एवढीशीच फट होती. त्यांचं बोलणंच मुळी अर्ध्या तोंडानं चालायचं, त्यामुळे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी छोटा आरसा आत घातला, गाल बाजूला ओढला आणि त्यांचा हात थांबला. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत काय बदललं ते मला सांगता येणार नाही, पण बदललं. मग त्यांनी अगदी सहज, हवापाण्याच्या गोष्टी केल्यासारखं विचारलं, "काका, जेवणात तिखट चालतं का?"

तोंडात आरसा होता, मोठेबाबांना बोलता येईना. उत्तर चिनूनं दिलं, मोठ्या अभिमानानं. "मोठेबाबांनी तिखट सोडलंय. रामाला बोललेत. एवढंसंसुद्धा खात नाहीत."

डॉक्टरबाईंनी आरसा बाहेर काढला.

त्या एका प्रश्नात सगळं उलगडत गेलं. दुधात कुस्करलेली पोळी. गार केलेलं वरण. अजून बाकी आहे, अजून बाकी आहे. मोठ्या आईनं त्यांच्या पायावर टेकलेलं डोकं, आणि मागे घेतलेले ते पाय. तोंडात आग होत होती या माणसाच्या. वर्षभर. आणि आम्ही नमस्कार पाठवत होतो. मला ओरडावंसं वाटलं, पण मुलगी समोर होती आणि मोठेबाबा खुर्चीतून उठून तिच्याकडे बघत होते.

"पाह्यलं ना बेटा? काही केलं का डॉक्टरनं?"

"नाही."

"मंग बस आता."

आणि चिनू बसली. सुईला रडली, पण तोंड मिटलं नाही. मोठेबाबा तिचं पाऊल हातात धरून उभे होते, डोळे सताड उघडे ठेवून. दाढ निघाली. डॉक्टरबाईंनी ती धुऊन कागदात बांधून दिली, आणि चिनूची नजर चुकवून माझ्या हातात एक चिठ्ठी. मोठ्या दवाखान्याची, लगेच जाण्याची.

चिनूला बाकावर बर्फाचा गोळा गालाला लावून बसवलं आणि मी मोठेबाबांना जिन्यात गाठलं. "तुम्हाला माहीत होतं."

"गाठ लागत होती जिभेले," ते म्हणाले.

"काहून नाही सांगितलं?" रागात माझी बोली माझ्या तोंडात परत आली होती.

"सांगितलं असतं तं तुम्ही नेलं असतं."

"आणि रामाचं नाव कशाला घेतलं मोठेबाबा?"

ते खाली रस्त्याकडे बघत राहिले. "देवाचं नाव घेतलं का घरात कोणी इचारत नाही."

मला तेव्हा त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. चिनूनं हाक मारली, "चला ना."

मोठ्या आईला मी सगळं सांगितलं. मग तिनं देवघराकडे पाहिलं, मोठेबाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग मी रोज कायच्या पाया पडून राहिली होती?"

तपासण्या झाल्या. कॅन्सर जबड्यापर्यंत गेलेला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा तीच सभा, पुन्हा तीच रीत. मोठी आई रडत म्हणाली, "पोट्टीले सांगा, मोठेबाबा रामटेकले गेले." मोठेबाबांनी हातानं तिला थांबवलं आणि चिनूला बोलावून घेतलं. "बेटा, माह्या गालात खराब गाठ झाली हाय. डॉक्टर ते कापणार. मंग मले पहिल्यासारखं बोलता नाही येणार. चेहराही बदलंल. तू येजो पाहायले, पण आधी सांगून ठेवतो."

चिनूनं विचारलं, "त्या डॉक्टरबाईंनी बघितलं म्हणून झालं का?"

मला कळत होतं, या प्रश्नाचं काहीतरी भलतं उत्तर मिळालं, तर ही मुलगी आयुष्यात पुन्हा त्या खुर्चीवर बसणार नाही. हिची मुलंही बसणार नाहीत. मोठेबाबांना बोलायला त्रास होत होता, तरी त्यांनी एकेक शब्द नीट उच्चारला, हनुवटी वर न करता. "नाही बेटा. खर्रा खाल्ला म्हणून झालं. अन् कोणाले पाहू नाही दिलं म्हणून वाढलं. डॉक्टरबाईनं तं फक्त सांगितलं."

ऑपरेशननंतर अर्धा चेहराच गेला होता. नाकात नळी. मी दारातच थांबले. चिनू आत गेली, पलंगाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दुखतं?" आम्ही सगळे मागून नाही, नाही अशा माना हलवत होतो. मोठेबाबांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी होय अशी मान हलवली. चिनूनं मग त्यांचं पाऊल हातात धरलं, आणि भेटायची वेळ संपेपर्यंत सोडलं नाही.

उन्हाळा लागता लागता मोठेबाबा गेले. दुकान काही दिवस बंद राहिलं. इतवारीतली माणसं येऊन बसायची, त्यांच्या आवाजाची आठवण काढायची, आणि बाहेर पडून कोपऱ्यावरच्या पानठेल्यापुढे उभी राहून खर्रा घोटायची. मला हे बघवत नसे. एकाला मी तसं तोंडावर बोललेही. तो म्हणाला, "ताई, त्यांचं नशीबच खराब होतं." मी दार लावून घेतलं.

पावसाळ्यानंतर डॉक्टरबाईंनी चिनूला पुन्हा दाखवायला बोलावलं. मी तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, कुठं जायचं ते. रात्रभर मलाच झोप नाही. दवाखान्याच्या जिन्यात मी कठडा धरून एकेक पायरी चढत होते, आणि चिनू दोन-दोन पायऱ्या चढत पुढे. खुर्चीवर ती स्वतःच चढली, स्वतःच आडवी झाली. दिवा लागायच्या आधीच तिनं एवढं तोंड उघडलं की डॉक्टरबाई हसल्या.

"अगं, इतका मोठा आ नको करू."

"नाही, नीट बघा," चिनू म्हणाली. "आत गालात पण बघा." मग ती जरा उठली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरबाईंच्या कानाशी जाऊन म्हणाली. हळू म्हणाली, पण खोली लहान होती. "काही दिसलं तर मला सांगा. आईला नका सांगू. आई घाबरते."

मला कोणी थोबाडीत मारली असती तर इतकी हबकले नसते. माझी मुलगी या खुर्चीला आता घाबरत नव्हती, आणि लपवायला शिकली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं तिला, प्रेमानं.

मी पुढे झाले. माझे पाय कापत होते, ते तिला दिसत होतं, आणि मी ते दिसू दिलं.

"चिनू," मी म्हटलं, "मलाच सांगायचं. मी घाबरेन. रडेनसुद्धा. तरी मलाच सांगायचं."